यंत्राला कोणतं काम द्यायचं?

मुलांनो, 'यंत्रमानव' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? चौकोनी डोकं, लाल दिव्यांचे डोळे, छातीवर बटणं आणि 'मी-तुमचा-नोकर' असं तुटक तुटक बोलणं. हो की नाही? बहुतेक मुलं चित्रात असाच रोबोट काढतात. पण खरा रोबोट असा क्वचितच दिसतो. कारखान्यातल्या रोबोटला डोकं नसतं, पाय नसतात. असतो तो फक्त एक लांबलचक हात.

मग रोबोट ओळखायचा कसा? सोपी खूण सांगते. जो भोवतालचं काही जाणतो, त्यावरून पुढं काय करायचं ते ठरवतो आणि मग ते काम स्वतः करतो, तो रोबोट. जाणणं, ठरवणं, करणं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, तुम्ही सहलीला आलात तर पाणचक्की पाहायला नक्की जाल. अठराव्या शतकातली ही चक्की. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून इथवर आणलं होतं. त्या पाण्याच्या जोरावर चाक फिरायचं, चाकाबरोबर दगड फिरायचा आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण निघायचं. ना बैल, ना माणूस! पाणचक्की काही रोबोट नव्हे. तिला जाणता येत नाही की ठरवता येत नाही. पण माणसाचं काम यंत्राच्या अंगावर टाकायची हौस किती जुनी आहे, हे तिच्याकडे पाहून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, तुम्ही आम्हाला रोबोट कसा बनवतात ते सांगणार का?" नाही, मुलांनो. ते तुमचे विज्ञानाचे सर सांगतील. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. रोबोट कसा चालतो, हे इंजिनिअर पाहतात. पण रोबोट आल्यावर माणसं कशी वागतात, त्यांचं घर, काम, सण, नाती यांत काय बदल होतो, याचाही अभ्यास करणारे लोक आहेत. ते समाजशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. त्यांना स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. ते माणसांशी बोलतात आणि बघतात. आज आपणही तेच करू या.

सुरुवात एका गोष्टीनं करू. आमच्या शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, जुनं प्रतिष्ठान. तिथल्या सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्यानं पैशाची भाषेत 'बृहत्कथा' नावाचा प्रचंड कथासंग्रह रचला, असं परंपरा सांगते. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. पण तिच्या आधारानं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात 'कथासरित्सागर' लिहिला, तो आहे. त्यात चक्क यंत्रमानवांची गोष्ट आहे!

राज्यधर नावाचा एक सुतार होता. त्याच्या भावानं लाकडाचे यांत्रिक हंस बनवले आणि ते हंस राजाच्या खजिन्यातून दागिने चोरून आणू लागले. चोरी उघडकीला येणार म्हटल्यावर दोघं भाऊ उडत्या यंत्रात बसून पळाले. राज्यधर एका ओसाड नगरात येऊन पडला. राजवाडे होते, बाजार होता, पण माणूस म्हणून एक नाही. मग त्यानं काय केलं असेल? लाकडाची माणसं बनवली! व्यापारी, नगरातल्या बायका, नोकरचाकर, द्वारपाल, सगळे लाकडी आणि सगळे हलते-चालते. पुढं नरवाहनदत्त नावाचा राजपुत्र तिथं आला. बाजारातून चालता चालता तो थक्क झाला. माणसं तर जिवंतासारखी वावरत होती. मग ती निर्जीव आहेत हे त्याला कशावरून कळलं? ती बोलत नव्हती, यावरून.

गोष्ट वाचून मला त्या सुताराच्या कारागिरीचं कौतुक वाटलंच, पण त्याहून जास्त त्याची कीव आली. एवढ्या मोठ्या नगरात बोलायला कुणी नाही! त्याला नोकर मिळाले, पण सोबत मिळाली का? हा प्रश्न डोक्यात ठेवा. आपल्याला तो पुढं लागणार आहे.

आता 'रोबोट' या शब्दाकडे वळू. हा शब्द इंग्रजांचा नाही, बरं का! कारेल चापेक नावाच्या चेक लेखकानं १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात तयार होणारी कामकरी माणसं होती. त्यांना काय म्हणावं, हे त्याला सुचेना. तेव्हा त्याच्या भावानं, योसेफनं, 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्याकडे तिला चोख शब्द आहे: वेठ! योगायोग बघा, मराठीत 'राबणे' हा शब्द कानाला किती जवळचा वाटतो. (नातं लावू नका, नुसतं ऐकण्यातलं साम्य आहे.) १९२१ साली हे नाटक रंगमंचावर आलं आणि पुढं हा शब्द जगभर पसरला. नाटकात शेवटी ते रोबोट बंड करून उठतात. राबवून घेणाऱ्याविरुद्ध राबणारा कधीतरी उठतोच, हेच लेखकाला सांगायचं होतं.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना वेठ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात पाटलाचं, अंमलदाराचं ओझं फुकट वाहायला लागायचं. जुनी माणसं अजून ते बोलून दाखवतात. पण त्याच पैठणची दुसरी कथा तुम्ही ऐकली असेल. संत एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बनून देव बारा वर्षं पाणी भरत होता, अशी ती कथा. पाणी तेच, कावड तीच. जबरदस्तीनं वाहिली तर ती वेठ आणि प्रेमानं वाहिली तर ती सेवा. म्हणजे कोणतंही काम नुसते कष्ट नसतात. त्या कष्टांत आणखी काहीतरी मिसळलेलं असतं.

काय मिसळलेलं असतं, ते मला माझ्या आजीकडून कळलं. आजीचं गाव गंगापूर तालुक्यात. माझ्या लहानपणी गावात पिठाची गिरणी होतीच, पण डाळ भरडायला आजी अजून जातं मांडायची. मी तिच्या समोर बसून खुंट्याला हात लावायची. दोन फेरे झाले की आजी गायला लागायची. भावाची, माहेराची, विठ्ठलाची, कधी सासूला हळूच चिमटा काढणारी ओवी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ओवीला ओवी जोडत ती पायली संपवायची.

एकदा मी विचारलं, "आजी, गिरणी आली तेव्हा तुला वाईट वाटलं का गं?"

आजी म्हणाली, "वाईट कशापायी? पहाटं चारला उठून दळायचं, हाताला घट्टे पडायचे. गिरणी आली अन् बायांची पाठ सुटली." मग थोडं थांबून म्हणाली, "पर तवापासून गंगू आन मी बोलायचं राहिलो." गंगू म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत. दिवसभर घरात ज्या गोष्टी तोंडातून काढता यायच्या नाहीत, त्या पहाटे ओवीतून निघायच्या.

मुलांनो, आजीचं बोलणं नीट ऐका. तिला जातं परत नको होतं. तिला हवी होती ती सोबत. गिरणीनं कष्ट नेले हे फार चांगलं झालं, पण कष्टांबरोबर गाणंही गेलं. गिरणीचा त्यात काही दोष नाही. गाणं वेगळं काढून ठेवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या मात्र ते लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून, बायांपाशी बसून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती म्हणाल? एक लाखाहून जास्त! यंत्र आल्यावर माणसांचं काय होतं, याचा अभ्यास असाही असतो.

आता एक अवघड प्रश्न. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. एकदा वर्गात रोबोटवर बोलणं चाललं होतं. सगळ्यांना उत्साह आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, रोबोट आले तर माझ्या पप्पांचं काम जाईल का?"

वर्ग एकदम गप्प झाला. कारण तो प्रश्न एकट्याचा नव्हता.

अशा वेळी "नाही रे बाळा, काही होत नाही" असं म्हणून खाली बसवणं सोपं असतं. पण मुलांशी खोटं बोलू नये, असं मला वाटतं. म्हणून मी त्याला जे खरं ते सांगितलं. ते तुम्हालाही सांगते.

कारखान्यात पहिला रोबोट १९६१ साली अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला. त्याचं नाव युनिमेट. साच्यातून निघालेले धगधगते धातूचे भाग उचलायचं काम त्याला दिलं होतं. ते काम करताना माणसाचा हात भाजू शकतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाच्या फवाऱ्याची वाफ, दिवसभर जड वस्तू उचलून दुखणारी कंबर, हे सगळं रोबोटनं घेतलं तर कुणाला नको आहे? पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात तर २०१० च्या सुमाराला वेगळ्या प्रकारचे रोबोट आले. ते पिंजऱ्यात नसतात, माणसांच्या शेजारी उभे राहून काम करतात. धक्का लागला तर थांबतात. त्यांना 'कोबोट' म्हणतात. आपण 'सहकारी यंत्र' म्हणू या.

पण दुसरी बाजूही खरी आहे. जिथं चार माणसं लागायची तिथं कधी कधी एकच लागतो. उरलेल्या तिघांना दुसरं काम शिकवलं, तर ती माणसं तरतात. शिकवलं नाही, तर त्यांच्या घरची चूल अडचणीत येते. हे कोण ठरवतं? रोबोट नाही. रोबोटला कुणाची भाकरी हिसकावून घ्यायची नसते, त्याला भाकरी लागतच नाही! ते ठरवतात माणसं: कारखान्याचे मालक, सरकार, कामगारांच्या संघटना आणि उद्या मोठे झाल्यावर तुम्ही.

ठरवणारी माणसं समंजस असली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण ऐका. शहरातली गटारं तुंबली की मॅनहोलमध्ये माणसाला उतरवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आत विषारी वायू असतो. त्यानं आजवर कितीतरी जणांचे जीव गेले आहेत. माणसाकडून असं काम करून घेणं थांबावं म्हणून २०१३ साली कायदा झाला. तरी माणसं उतरतच राहिली. मग केरळमधल्या काही तरुण इंजिनिअरांनी एक रोबोट बनवला. २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. नाव ठेवलं 'बँडिकूट', म्हणजे आपली घूस! हा रोबोट मॅनहोलमध्ये उतरतो, आत हातपाय पसरून गाळ काढतो. त्याला कॅमेरे असतात. वर, मोकळ्या हवेत उभा राहून एक माणूस पडद्यावर बघून त्याला चालवतो.

आणि चालवणारा तो माणूस कोण? इथंच खरी गोष्ट आहे. पूर्वी जे सफाई कामगार स्वतः आत उतरायचे, त्यांनाच हे यंत्र चालवायला शिकवलं गेलं! म्हणजे मरणाचं भय गेलं, घाण गेली, पण भाकरी राहिली. भाकरीबरोबर मानही आला. मी त्या मुलाला म्हटलं, "रोबोट येईल की नाही, हे विचारून पुरे होत नाही. तो आला की ज्याचं काम त्यानं घेतलं, त्या माणसाचं काय, हे विचारायला शीक. आणि पप्पांनाही सांग, नवं यंत्र आलं की ते शिकायला पुढं व्हा." तो खाली बसला. त्याची काळजी पुरती मिटली असेल असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या तासाला त्यानं मला बँडिकूटचं चित्र काढून दाखवलं. शेजारी, हातात यंत्राचा खटका धरलेला माणूसही काढला होता. त्या माणसाला मिशा होत्या. कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

माणूस यंत्राकडून नुसतं काम करून घेत नाही, त्याच्यात जीवही गुंतवतो. खंडेनवमीला, दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची पूजा करतात. शेतकरी औताची करतो, शिंपी शिवणयंत्राची, रिक्षावाला रिक्षाची. कारखान्यातल्या यंत्रांनाही झेंडूचे हार चढतात. जपानमध्ये १९९९ साली सोनी कंपनीनं 'आयबो' नावाचा यांत्रिक कुत्रा काढला. लोकांनी तो घरच्यासारखा सांभाळला. २००६ साली त्याचं उत्पादन बंद झालं, पुढं दुरुस्तीही बंद झाली. मग बंद पडलेल्या कुत्र्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या कुत्र्यांना बसवू लागले. पण भाग काढण्याआधी काय करायचे, ठाऊक आहे? एका बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांसाठी प्रार्थना व्हायची! हसू नका हं. आपण नाही का पोळ्याला मातीच्या बैलांना पुरणपोळी दाखवत?

आपल्याकडेही देवळात आता विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र असतं. बटण दाबलं की आरती संपेपर्यंत एका तालात वाजतं. २०१७ साली पुण्यात गणेशोत्सवात एका रोबोटच्या हातानं गणपतीला ओवाळलं, तेव्हा ते बघायला लोकांनी गर्दी केली. काहींना फार मौज वाटली. काही म्हणाले, आरतीचं ताम्हण फिरलं, पण भक्ती कुणाची? तुम्हाला काय वाटतं? मला विचाराल तर यंत्रानं नगारा वाजवायला माझी हरकत नाही. पण आमच्या गल्लीच्या आरतीत टाळ कुणाच्या हाती द्यायचा यावरून पोरांची जी भांडणं व्हायची, ती यंत्र आल्यापासून बंद झाली. शांतता झाली खरी, पण आरतीला येणारी पोरंही कमी झाली.

आता राज्यधराकडे परत येऊ. त्याची लाकडी माणसं बोलत नव्हती, म्हणून राजपुत्राला ती ओळखता आली. आज ती खूण उरलेली नाही! मोबाइलमधलं यंत्र मराठीत बोलतं, गणित सोडवतं, निबंध लिहून देतं, गोष्टही सांगतं. विचारावं ते सांगतं आणि कधी कंटाळत नाही. मग आपण ओळखायचं कसं?

माझी खूण साधी आहे. तुम्हाला ताप आला तर आजी रात्रभर जागते. जागताना तिलाही झोप येत असते, तरी ती जागते, म्हणून त्याचं मोल. यंत्र रात्रभर चालू राहतं, पण त्याला झोप येतच नाही. मित्र तुमच्याशी भांडतो, रुसतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली चटणी पुढं करतो. यंत्र रुसतही नाही आणि चटणीही देत नाही! निबंधाचंही तसंच. यंत्रानं लिहिलेला निबंध छान असेल, पण तुमच्या मनातलं तुम्हालाच शब्दांत सापडलं तर जो आनंद होतो, तो ते यंत्राला होत नाही आणि मग तुम्हालाही होत नाही. जातं फिरवायचे कष्ट यंत्राला द्यावेत. ओवी मात्र आपण म्हणावी.

हे सगळं बोलून झाल्यावर मी वर्गाला एक काम दिलं होतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा, 'यंत्राला खुशाल द्यावीत अशी कामं'. उजवीकडे, 'यंत्राला कधीच देऊ नयेत अशी कामं'. डावी बाजू भराभर भरली: झाडू, भांडी, पाण्याचे हंडे, गटार, शेतातली फवारणी. उजवीकडे मात्र सगळे पेन्सिली चावत बसले. एका मुलीनं तिथं एकच ओळ लिहिली होती: 'माझी वेणी घालणं'. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "आई दिवसभर कामाला असते. वेणी घालतानाच तेवढं ती माझ्याशी बोलते."

मुलांनो, तुम्हीही या सुट्टीत असं पान तयार करा. एकट्यानं नको, घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या डोळ्यांदेखत कोणतं काम यंत्रानं घेतलं आणि त्या कामाबरोबर आणखी काय गेलं. एखादी ओवी आठवत असेल तर लिहून घ्या. आणि आई-बाबांनो, तुम्हीही उजव्या बाजूला निदान एक ओळ लिहा. तुमच्या मुलांना ती वाचायची आहे.